एसटी डेपोत परत जाते: जुनी एलटीओ लायब्ररी बॅक्युलाला जोडताना

धुळ्याच्या एका सिस्टीमवाल्या भाऊंचा प्रश्न आहे. धुळे, शिरपूर आणि नंदुरबार अशी तीन डायग्नोस्टिक सेंटर्स ते सांभाळतात. सीटी-एमआरआयच्या इमेजेस धरून साधारण ११ टीबी डेटा. बॅक्युला हे बॅकअपचं सॉफ्टवेअर डिस्कवर आधीपासून चालू आहे. आता मालकांनी कुठूनतरी सेकंडहँड एलटीओ-६ लायब्ररी, म्हणजे रोबोटने टेपा बदलणारी पेटी, आणून ठेवली आहे, २४ स्लॉट (टेपांचे खण) आणि दोन ड्राइव्हवाली. लिनक्सला ती दिसते. रोबोट टेप उचलून ड्राइव्हमध्ये घालतो, आणि लगेच बॅक्युला सांगतं की ड्राइव्ह रिकामा आहे. कधी चाललंच तर वेग सेकंदाला ३० एमबीच्या वर जात नाही. ते विचारतात, "कॉन्फिग दहा वेळा बदललं, आता काय बदलू?"

भाऊ, आता कॉन्फिग बदलायचं थांबवा. तुम्ही वरून खाली येताय. टेपच्या कामात खालून वर चढावं लागतं: आधी केबल आणि कार्ड, मग लिनक्स, मग हाताने टेप घालून-काढून बघायचं, आणि सगळ्यात शेवटी बॅक्युला. खालची पायरी पक्की नसताना वर कितीही ओळी लिहिल्या तरी बॅक्युला तीच एक चूक दहा वेगवेगळ्या शब्दांत सांगत बसतं.

तुमचा रोबोट आणि लिनक्स दोघंही बरोबर आहेत, पण दोघांचे आकडे जुळत नाहीत, असा माझा अंदाज आहे. लायब्ररी आपल्या ड्राइव्हना शून्य आणि एक म्हणते ते पेटीतल्या जागेप्रमाणे. लिनक्स एनएसटी० आणि एनएसटी१ म्हणतं ते बूट होताना जो आधी सापडला त्याप्रमाणे. हे दोन क्रम जुळतीलच असं काही नाही. रोबोट लायब्ररीच्या शून्य नंबरच्या ड्राइव्हमध्ये टेप घालतो, बॅक्युला एनएसटी० उघडून बघतं, आणि तो प्रत्यक्षात दुसराच ड्राइव्ह असतो. मग तो रिकामाच दिसणार.

पाच मिनिटांत खात्री होते. बॅक्युलाचा स्टोरेज डीमन, म्हणजे टेपवर प्रत्यक्ष लिहिणारा त्याचा भाग, बंद करा. एमटीएक्स या रोबोट हलवणाऱ्या कमांडने एक टेप लायब्ररीच्या ड्राइव्ह शून्यमध्ये घाला. आता ड्राइव्हची स्थिती सांगणारी 'एमटी स्टेटस' कमांड आधी एनएसटी० वर आणि मग एनएसटी१ वर चालवा. जिथे 'ऑनलाइन' दिसेल, तो लायब्ररीचा शून्य. कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद लायब्ररीच्या बाजूला चिकटवा.

पण कॉन्फिगमध्ये हे एनएसटीचे आकडे लिहू नका. लाइट गेली, सर्व्हर परत उठला, एखादा ड्राइव्ह उशिरा जागा झाला की क्रम उलटतो. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. डेव्ह फोल्डरमध्ये टेप नावाच्या फोल्डरखाली 'बाय-आयडी' असतं, तिथे प्रत्येक ड्राइव्हचं त्याच्या ओळख क्रमांकावरून केलेलं कायमचं नाव मिळतं. शेवटी 'एनएसटी' असलेलं नाव घ्या. रोबोटचंही तसंच. लिनक्समध्ये त्याचं नाव आज एसजी३ असेल, उद्या एसजी५ होईल. मी एकदा अख्खी रात्र लॉग वाचत बसलो होतो, आणि कारण एवढंच निघालं की सर्व्हरला नवीन डिस्क बॉक्स जोडल्यावर रोबोटचा नंबर एकने पुढे सरकला होता.

आता त्या 'एन' बद्दल, कारण नवीन माणूस इथे हमखास घसरतो. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हची दोन नावं असतात, एसटी० आणि एनएसटी०. आपल्याला एसटी म्हटलं की लाल गाडी आठवते, तर तसंच लक्षात ठेवा: एसटी काम संपलं की डेपोत परत जाते. म्हणजे फाइल बंद झाली की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. एनएसटी मात्र जिथे थांबली तिथेच उभी राहते, आणि पुढचा डेटा तिथून पुढे लिहिला जातो. सुरुवातीच्या काळात मी टारच्या (फाइली एकत्र बांधणाऱ्या कमांडच्या) स्क्रिप्टमध्ये एसटी० लिहिलं होतं. पाच फोल्डर एकामागून एक टेपवर जायचे आणि स्क्रिप्ट पाचही वेळा 'झालं' म्हणायची. दीड महिन्याने दुसऱ्या नंबरचं फोल्डर परत काढायची वेळ आली, तेव्हा टेपवर फक्त पाचवं होतं. प्रत्येक वेळी गाडी डेपोत जाऊन आधीच्यावरच लिहून येत होती. बॅक्युलाला कायम एनएसटी द्यायचं.

केबल आणि कार्डाचं थोडक्यात. ड्राइव्ह रेड कार्डाला (अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या कार्डाला) जोडला असेल तर काढा आणि साधं एचबीए, म्हणजे ड्राइव्ह सरळ सर्व्हरला जोडणारं कार्ड घ्या. बरीच रेड कार्डं टेप दाखवतच नाहीत, किंवा ड्राइव्ह दाखवतात आणि रोबोट दाखवत नाहीत. लहान लायब्ररींमध्ये रोबोट हा वेगळ्या वायरवर नसतो. एका ड्राइव्हच्याच पत्त्यावर ड्राइव्ह हा लन (एकाच पत्त्यावरचा उपक्रमांक) शून्य आणि रोबोट हा लन एक असतो. म्हणून तो ठरावीक ड्राइव्ह बंद पडला की रोबोटही 'गायब' होतो, आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. केबल मागवताना दोन्ही टोकांची नावं वाचा. एलटीओ-६ च्या काळातल्या ड्राइव्हला सहसा एसएफएफ ८०८८ लागतं, नवीन कार्डाला एसएफएफ ८६४४. दुकानदार दोघांनाही 'मिनी सॅस' म्हणतो आणि एक केबल फुकट जाते.

परवानगी तपासताना रूट, म्हणजे सिस्टीमचा सर्वाधिकारी युजर, होऊन तपासू नका, रूटला सगळंच चालतं. बॅक्युलाचा जो युजर आहे तो बनून एमटी आणि एमटीएक्स दोन्ही चालवा. तो युजर टेप ग्रुपमध्ये हवा, आणि रोबोटचा एसजी पत्ताही त्याला उघडता आला पाहिजे. ड्राइव्ह उघडतो आणि रोबोट नाही, असं अर्धवट प्रकरण बऱ्याच ठिकाणी सापडतं. डेबियन-उबुंटू असेल तर एमटी-एसटी हे पॅकेज टाका. सीपीआयओ या पॅकेजबरोबर येणारं दुसरं एमटी वेगळ्या शब्दांत उत्तर देतं, आणि रोबोट हलवणारी एमटीएक्स-चेंजर स्क्रिप्ट त्या शब्दांवरूनच ठरवते की टेप तयार झाली की नाही. शिवाय एमटीने ब्लॉक साइज शून्य करून ठेवा. शून्य म्हणजे ठरावीक मापाचा ब्लॉक नाही, येईल तसा घ्या.

हे सगळं हाताने नीट चाललं, टेप आत गेली, एक छोटी फाइल लिहिली, परत वाचली, टेप बाहेर आली, की मगच बॅक्युला. स्टोरेज डीमनच्या फाइलमध्ये प्रत्येक ड्राइव्हसाठी एक डिव्हाइस आणि दोघांना कवेत घेणारा एक ऑटोचेंजर लिहायचा. डिव्हाइसमध्ये आर्काइव्ह डिव्हाइस म्हणजे ते लांबलचक बाय-आयडी नाव. ड्राइव्ह इंडेक्स म्हणजे लायब्ररी ज्या नंबरने त्या ड्राइव्हला ओळखते तो नंबर, म्हणजे तुम्ही कागदावर लिहिलेला. तुमचं दुखणं याच ओळीत आहे. ऑटोचेंजरमध्ये रोबोटचा पत्ता आणि एमटीएक्स-चेंजर स्क्रिप्ट. मीडिया टाइपला 'एलटीओ-६' द्या आणि डायरेक्टरच्या (बॅक्युलाच्या मुख्य नियंत्रकाच्या) स्टोरेजमध्येही अक्षरन् अक्षर तेच लिहा. तिथे 'एलटीओ६' आणि इथे 'एलटीओ-६' असा एका रेघेचा फरकही बॅक्युलाला मान्य नाही, त्याच्या लेखी ती वेगळी जात.

आणखी एक ओळ, खास नेटवर्कवाल्यांसाठी. डायरेक्टरच्या स्टोरेजमध्ये ॲड्रेस म्हणून कधीही लोकलहोस्ट लिहू नका. डेटा डायरेक्टरमधून जात नाही. शिरपूरचा क्लायंट थेट स्टोरेज डीमनला ९१०३ पोर्टवर फोन लावतो, आणि नंबर त्याला डायरेक्टर देतो. तुम्ही 'लोकलहोस्ट' दिलंत तर शिरपूरचं मशीन स्वतःलाच फोन लावत बसतं. एकाच मशीनवर सगळं असताना हे चालून जातं, म्हणून चूक दिसत नाही. शाखा जोडली की फुटते.

जुन्या लायब्ररीला टेप काढण्याआधी ड्राइव्हने ती स्वतः सोडावी लागते. रोबोट टेप ओढायला जातो आणि एरर देतो असं झालं तर एमटीएक्स-चेंजरच्या कॉन्फिग फाइलमध्ये ऑफलाइनचा पर्याय चालू करा आणि नंतर काही सेकंद थांबायला सांगा.

मग बीटेप, बॅक्युलाचं टेप तपासायचं साधन. स्टोरेज डीमन बंद ठेवून, कोऱ्या टेपवर, कारण ते आधीचं सगळं पुसतं. आधी त्यातली 'टेस्ट' चालवा, नंतर 'ऑटोचेंजर'. दोन्ही ड्राइव्हवर. वेळ काढून एकदा 'फिल' पण चालवा. ते टेप शेवटपर्यंत भरून दुसऱ्या टेपवर उडी मारतं आणि परत वाचून बघतं. एलटीओ-६ ची एक टेप म्हणजे २.५ टीबी, पूर्ण १६० एमबीच्या वेगाने लिहिली तरी एक भरायला सव्वाचार तास. रात्री लावून घरी जा. लोक हे टाळतात, आणि टेप पहिल्यांदा भरते ती नेमकी तीन महिन्यांनी, रविवारी पहाटे.

टेपच्या खोक्यावर ६.२५ टीबी छापलेलं असतं, ते अडीच पट कॉम्प्रेशन गृहीत धरून. तुमच्या इमेजेस बहुतेक आधीच दाबलेल्या असतील. २.५ टीबीच धरा. म्हणजे एका पूर्ण बॅकअपला पाच टेपा, दोन संच म्हटले तर दहा, रोजच्या बदलांसाठी आणखी चार-सहा. २४ स्लॉट तुम्हाला पुरून उरतात. बॅक्युलाच्या फाइलसेटमध्ये (कशाचा बॅकअप घ्यायचा त्या यादीत) सॉफ्टवेअर कॉम्प्रेशन चालू असेल तर टेपसाठी ते बंद करा, ड्राइव्ह स्वतः करतो.

आता ३० एमबीचं. इथे जरा थांबू, कारण बहुतेक लोक याला 'जरा हळू चालतंय' एवढंच समजतात आणि ड्राइव्ह झिजवून टाकतात. एलटीओ-६ च्या टेपमध्ये ८४६ मीटर पट्टी असते. तीवर २,१७६ ट्रॅक, आणि हेड एका वेळी १६ ट्रॅक लिहितं. म्हणजे टेप भरायला पट्टी १३६ वेळा या टोकापासून त्या टोकाला जाते. गुणाकार केला तर ११५ किलोमीटरच्या आसपास, जळगाव-धुळे अंतरापेक्षा जास्त, आणि ते चार-साडेचार तासांत. अशा वेगात धावणाऱ्या पट्टीला डेटा कमी पडला तर ती जागच्या जागी थांबू शकत नाही. भरधाव गाडी थांबा ओलांडून पुढे जाते, मग रिव्हर्स घेऊन मागे येते आणि पुन्हा वेग धरून तो थांबा गाठते, तसं होतं. ड्राइव्ह काही प्रमाणात वेग कमी करून जुळवून घेतो, मॉडेलप्रमाणे ४० ते ५५ एमबीपर्यंत. त्याखाली गेलं की ही पुढे-मागे सुरू होते. कान लावला तर ऐकू येते: एकसंध घरघर नसते, दर दोन-तीन सेकंदांनी 'घुर्र… टक… घुर्र' असं चालतं. तुमच्याकडे हाच आवाज येत असणार. त्यात पट्टी घासते, हेड घासतं, आणि वेग आणखीच पडतो.

कारण ड्राइव्हमध्ये नसतं. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर प्रत्यक्ष मिळतात ११०-११५ एमबी, ते पण मोठ्या फाइल असतील तर. सीटीच्या एका तपासणीत शेकडो छोट्या फाइल असतात, आणि त्या एकेक उघडून पाठवताना क्लायंटची डिस्कच दमते. तुमच्याकडे डिस्कवरचा बॅकअप आधीच आहे, त्याचाच उपयोग करा. शाखांनी जसं डिस्कवर लिहिणं चालू आहे तसंच राहू द्या. टेपवर मात्र थेट शाखेतून काही पाठवू नका. डिस्कच्या पूलमधून (पूल म्हणजे बॅक्युलातला माध्यमांचा गट) टेपच्या पूलमध्ये बॅक्युलाचा कॉपी जॉब लावा, निवड 'पूल अनकॉपीड जॉब्ज', म्हणजे अजून टेपवर न गेलेले जॉब्ज तेवढेच उचलले जातात. डिस्कवर ते मोठ्या सलग फाइलमध्ये पडलेले असतात, मध्ये नेटवर्क नाही, ड्राइव्हला भरपेट मिळतं. ३० एमबीने ११ टीबी म्हणजे चार दिवसांहून जास्त. १५० ने गेलं तर वीस-एकवीस तास, शनिवारी संध्याकाळी सुरू केलं की रविवारी संपतं. दोन्ही ड्राइव्ह एकदम लावायचे असतील तर डिस्क ॲरे एका वेळी ३०० एमबी वाचून देते का ते आधी मोजा.

ज्यांच्याकडे मध्ये डिस्क नाही त्यांनी निदान स्पूलिंग चालू करावं. एक एसएसडी ठेवायची, डेटा आधी तिथे साठतो आणि मग एका दमात टेपवर.

त्याबरोबर मॅक्सिमम फाइल साइज वाढवा. बॅक्युला मुळात दर एक जीबीला टेपवर खूण मारतं, एलटीओसाठी ती फार घाई झाली. मी २० जीबी ठेवतो. ब्लॉक साइज मात्र पहिल्या टेपला लेबल लावण्याआधीच ठरवा. मूळचा ६४,५१२ बाइट्सचा ठेवलात तरी काम अडत नाही. मधेच बदललात तर जुन्या टेपा वाचताना रडायची वेळ येते.

बारकोडबद्दल मला प्रेमाने दोन शब्द बोलू द्या. सहा अक्षरं आणि शेवटी 'एल६'. छापील, चांगल्या गोंदाची लेबलं विकत घ्या. पैसे वाचवायला मी एकदा साध्या स्टिकर कागदावर छापून घेतली होती. मे महिन्यात भुसावळला एका क्लायंटकडे टेपा मोटारसायकलच्या डिकीतून नेल्या. डिकी उघडली तर गोंद पातळ होऊन लेबलं तिरकी सरकलेली. हाताने नीट बसवून लायब्ररीत घातल्या, आणि तिसऱ्या टेपचं लेबल ड्राइव्हच्या तोंडातच राहिलं. चिमट्याने काढताना घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता. लेबलं नीट असली की बॅक्युलाला 'लेबल बारकोड्स' एवढंच सांगायचं, सगळ्या टेपांची नोंद तो स्वतः करतो. कोऱ्या टेपा स्क्रॅच पूलमध्ये टाका, ज्या पूलला लागेल तो तिथून उचलेल. क्लीनिंग टेपचं लेबल 'सीएलएन'ने सुरू होतं. ती साधारण ५० वेळा चालते. नंतर तीच टेप घालत राहणारे महाभाग आहेत.

उन्हाचा विषय निघालाच आहे. टेपा वर्षानुवर्षं ठेवायच्या असतील तर १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता हवी. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि आपल्याकडे स्टोअर रूम म्हणजे बहुतेक वेळा पत्र्याखालची खोली. तिथे नको. नंदुरबारच्या सेंटरमध्ये एमआरआयसाठी एसी चोवीस तास चालू असतो म्हणून टेपा तिथेच ठेवायचा विचार मनात येईल, तर मशीनच्या खोलीपासून लांब ठेवा. ते लोहचुंबक आहे. कन्सोलपलीकडच्या एखाद्या थंड खोलीत लोखंडी कपाट बघा. आणि बाहेरून तापून आलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये ढकलू नका. सर्व्हर रूममध्ये एक दिवस पडू द्या.

एलटीओ-६ सेकंडहँड घेतलीत यात चूक नाही, पण पुढचं माहीत असू द्या. एलटीओ-७ चा ड्राइव्ह ६ ची टेप वाचतो आणि लिहितो. एलटीओ-८ चा ड्राइव्ह ६ ची टेप वाचतच नाही, तो ७ च्या मागे जात नाही. म्हणजे पाच वर्षांनी मालकांनी एकदम ८ किंवा ९ आणली तर तुमच्या या सगळ्या टेपा फक्त याच दोन ड्राइव्हवर वाचता येतील. जुनी लायब्ररी भंगारात जाऊ देऊ नका, किंवा त्याआधी सगळं नव्या टेपांवर उतरवून घ्या.

कॅटलॉगचा बॅकअप रोज, सगळ्यात शेवटचा जॉब म्हणून. कोणती फाइल कोणत्या टेपवर कुठे आहे हे सगळं त्या डेटाबेसमध्ये असतं. तो गेला तर टेपा हातात असूनही त्या एकेक पूर्ण वाचत बसावं लागतं, आणि ते किती तासांचं काम आहे याचा हिशोब वर केलाच आहे. बूटस्ट्रॅप फाइल (कोणत्या टेपवरून काय वाचायचं ते सांगणारी) रोज मेलने बाहेर पाठवा.

आता एक किस्सा, कारण तुमच्याकडेही हे घडण्यासारखं आहे. एका ठिकाणी ऑपरेटर रोज सकाळी फोनवर सांगायचा, "भाऊ, बठ्ठं बराबर शे" (सगळं बरोबर आहे). मेलमध्येही 'बॅकअप ओके'. चार महिन्यांनी एका पेशंटच्या जुन्या इमेजेस हव्या होत्या, तर टेपवर त्या फोल्डरचं फक्त नाव होतं, आत काही नाही. जागा कमी पडली म्हणून मधे कोणीतरी नवीन स्टोरेज लावून त्याच फोल्डरवर माउंट केलं होतं. बॅक्युला मुळात दुसऱ्या फाइलसिस्टीममध्ये उतरत नाही, तसं सांगावं लागतं. त्याने लॉगमध्ये एक ओळ लिहिली होती, 'ही वेगळी फाइलसिस्टीम आहे, खाली उतरत नाही', आणि जॉब ओके म्हणून संपवला होता. ओके होताच तो. ती ओळ कोणी वाचली नाही, मीही नाही. तुमच्या ११ टीबीत नंतर जोडलेलं स्टोरेज असणारच. फाइलसेटमध्ये 'वनएफएस'चं, म्हणजे दुसऱ्या फाइलसिस्टीममध्ये उतरायचं की नाही त्या सेटिंगचं, काय आहे ते आजच बघा, आणि ओके बघण्याऐवजी किती जीबी गेले ते बघायची सवय लावा.

ड्राइव्हचे नंबर जुळले आणि पहिला संच टेपवर गेला की एक काम करा. त्यातली एक टेप काढा, कडेचा खटका सरकवून लिहिणं बंद करा, नंदुरबारला पाठवा आणि आठ दिवसांनी परत मागवा. एक दिवस थंड होऊ द्या. मग एका पेशंटची सीटीची एक अख्खी तपासणी वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून रेडिओलॉजिस्टच्या स्क्रीनवर उघडून दाखवा. रिस्टोअर करताना ज्या ड्राइव्हने लिहिलं तो सोडून मुद्दाम दुसरा वापरा. स्वतःचं लिहिलेलं फक्त स्वतःलाच वाचता येतं असे ड्राइव्ह डॅट या जुन्या प्रकारच्या टेपच्या काळात मी पुष्कळ पाहिले. एलटीओत ते क्वचित होतं, पण सेकंडहँड मालाची जन्मपत्रिका आपल्याकडे नसते. अडलंच तर एमटीएक्स स्टेटस, दोन्ही ड्राइव्हचं एमटी स्टेटस आणि कॉन्फिगमधला ऑटोचेंजरचा भाग एवढं पाठवा. पासवर्डच्या ओळी खोडून.